‘अपाय आढळला नाही’ : गर्भावस्थेतील साखर-पर्यायांची प्राणिपरीक्षा आणि तिच्या निष्कर्षाची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा पदार्थ गर्भवती स्त्रीने सेवन करणे निर्धोक आहे काय, असा प्रश्न विचारणाऱ्यास ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर हवे असते. परंतु हा प्रश्न सोडविण्यासाठी जे परीक्षाशास्त्र उभे राहिले आहे, त्याच्या भाषेत यांपैकी एकही उत्तर जसेच्या तसे बसत नाही. गर्भवती स्त्रियांना संशयित द्रव्य मुद्दाम देऊन पाहणे नीतीला धरून होणार नाही. म्हणून परीक्षा होते ती उंदीर, ससा, हॅमस्टर आणि क्वचित माकड या प्राण्यांवर. तिचा निष्कर्ष बहुधा ‘अमुक मात्रेपर्यंत प्रतिकूल परिणाम आढळला नाही’ अशा स्वरूपाचा असतो. हेच वाक्य वेष्टनावरील सूचना, वृत्तपत्रातील बातमी आणि शेजारणीचा सल्ला अशा पायऱ्या उतरत घरात पोहोचते, तेव्हा त्याचे ‘काही अपाय होत नाही’ असे रूपांतर झालेले असते. किंवा उलट बाजूने, ‘त्याने कर्करोग होतो’ असे.

साखरेच्या पर्यायांच्या बाबतीत हे रूपांतर विशेष विचारणीय आहे. गर्भावस्थेत मधुमेह उद्भवलेल्या किंवा आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीस साखर वर्ज्य करण्यास सांगितले जाते, आणि तिच्या हाती साहजिकच एखादी गोडीची गोळी येते. औषधाच्या बाबतीत रोगनिवारणाचा लाभ एका पारड्यात आणि संभाव्य अपाय दुसऱ्यात घालता येतो. गोडीच्या पारड्यात असा लाभ थोडाच असतो. आणि सेवन मात्र चार दिवसांचे नसून महिनोन्‌महिने चालते. म्हणून येथे निर्धोकतेची कसोटी औषधाहून कडक हवी, आणि त्या कसोटीचे वाक्यही अधिक काटेकोरपणे वाचले गेले पाहिजे.

पुढील दोन वाक्यांची तुलना करावी. (अ) अपाय होतो असे आढळले नाही. (आ) अपाय होत नाही असे आढळले. पहिल्यात नकार ‘आढळणे’ या मुख्य क्रियापदाला लागला आहे, दुसऱ्यात तो अंतर्गत वाक्यातील ‘होणे’ या क्रियापदाला. पहिले वाक्य निरीक्षणाचा अभाव सांगते, दुसरे अभावाचे निरीक्षण सांगते. हा भेद मराठी वाचकाच्या सहज ध्यानी येत नाही, याला भाषेतच कारण आहे. ‘तो येईल असे वाटत नाही’ आणि ‘तो येणार नाही असे वाटते’ ही दोन वाक्ये व्यवहारात समानार्थी म्हणून वापरली जातात. ‘वाटणे’ या क्रियापदाशी नकार वर असला काय आणि खाली असला काय, अर्थ फारसा बदलत नाही. ‘आढळणे’, ‘सिद्ध होणे’ या क्रियापदांना ही मोकळीक नाही. ‘त्याने चोरी केली असे सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘त्याने चोरी केली नाही असे सिद्ध झाले’ नव्हे, हे न्यायालयात सर्वांस मान्य असते. प्रयोगशाळेच्या बाबतीत मात्र वाचक ‘वाटणे’ची सवय ‘आढळणे’ला लावतो. आणि ‘अपाय आढळला नाही’ या संक्षिप्त रूपात तर अंतर्गत वाक्यच गळून गेल्यामुळे भेदाची खूणही उरत नाही.

२. परीक्षेची रचना

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे परीक्षेची रचना पाहिल्यावर स्पष्ट होते. गर्भावस्थेतील अपायाच्या पद्धतशीर परीक्षेला चालना मिळाली ती थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेमुळे. गर्भवतींच्या मळमळीवरही दिले जाणारे हे औषध पश्चिम जर्मनीतील बाजारातून नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. तोपर्यंत हजारो बालके हातापायांच्या गंभीर विकृतींसह जन्मास आली होती. विशेष म्हणजे, पुढे हेच द्रव्य गाभण उंदरांस दिले तेव्हा मानवात दिसलेल्या अवयवविकृती त्यांच्या पिल्लांत उमटल्या नाहीत. काही जातींच्या सशांत मात्र त्या उमटल्या. एकाच प्राण्यावर विसंबता येत नाही, निदान एक कृंतक आणि एक अकृंतक प्राणी घेतला पाहिजे, हा दंडक या अनुभवातून दृढ झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६६ मध्ये प्रजननविषयक परीक्षांचे तीन विभाग ठरवून दिले : पहिला प्रजननक्षमतेचा, दुसरा गर्भाच्या अवयवनिर्मितीच्या काळाचा, आणि तिसरा प्रसूतीच्या आसपासचा व स्तनपानाचा.

आज या कामी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची मार्गदर्शक सूत्रे प्रमाण मानली जातात. त्यांतील ४१४ क्रमांकाचे सूत्र प्रथम १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नंतर वेळोवेळी सुधारले गेले. त्याचा सांगाडा असा : गाभण माद्यांचे निदान चार गट करावयाचे, तीन गटांस द्रव्याच्या चढत्या मात्रा, आणि चौथा नियंत्रणगट, ज्यास द्रव्य दिले जात नाही. प्रत्येक गटात गर्भरोपण झालेल्या सुमारे वीस माद्या असाव्यात. उंदराचा गर्भकाळ २१ ते २२ दिवसांचा असतो, आणि त्यातील सहाव्या ते पंधराव्या दिवसांच्या दरम्यान मुख्य अवयव घडतात. पिल्ले जन्मण्याच्या आदल्या दिवशी मादीचे शवविच्छेदन करून गर्भाशय तोलले जाते. जिवंत, मृत आणि विरघळून गेलेले गर्भ मोजले जातात. प्रत्येक गर्भाचे वजन व बाह्य स्वरूप पाहिले जाते. उंदरांच्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांचा अस्थिपंजर रंगवून तपासतात, आणि उरलेल्यांची मऊ इंद्रिये.

शवविच्छेदन जन्माच्या आधी का, याचे कारण साधे आहे. उंदराची मादी मृत किंवा विकृत पिल्लू पुष्कळदा खाऊन टाकते, आणि पुरावाच नाहीसा होतो. परंतु या खबरदारीची एक किंमतही आहे. जे पिल्लू जन्मलेच नाही, त्याची शिकण्याची शक्ती, वयात येण्याचा काळ किंवा प्रजननक्षमता यांविषयी ही परीक्षा काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी वेगळ्या परीक्षा आहेत. मातेपासून पुढील पिढीपर्यंत द्रव्य चालू ठेवणारी दोन पिढ्यांची परीक्षा ही त्यांपैकी एक. म्हणून ‘आढळला नाही’ या क्रियापदास ‘कोठे पाहिले असता?’ हा प्रश्न नेहमीच जोडून घ्यावा लागतो. कवटीच्या हाडांत दोष आढळला नाही, हे विधान स्मरणशक्तीविषयी मौन बाळगते.

३. ‘वेत’ हे एकक

या परीक्षेत मोजणीचे एकक कोणते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वीस माद्यांना प्रत्येकी बारा गर्भ असले, तर एका गटात दोनशे चाळीस गर्भ तपासले गेले असे म्हणता येईल, आणि संख्या मोठी दिसेल. पण एकाच मादीच्या उदरातील बारा गर्भ हे बारा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्यांचे रक्त, आहार, आजार आणि आनुवंशिकता एकाच मातेशी बांधलेली आहे. एखादी मादी दुबळी असेल तर तिचे बाराही गर्भ खुरटे निघतील, आणि द्रव्याचा त्यात काही संबंध नसेल. म्हणून संख्याशास्त्रीय एकक गर्भ नसून संपूर्ण वेत हे मानले जाते. शेतकऱ्याच्या बोलीतील ‘दुसऱ्या वेताची गाय’ या प्रयोगात जो शब्द आहे, तोच येथे नेमका बसतो. वेत हे मातेचे असते, पिल्लाचे नव्हे.

आता संख्या पाहावी. वीस वेतांपैकी एकातही विकृती आढळली नाही, तर काय सिद्ध होते? संभाव्यतेच्या साध्या गणिताने दाखविता येते की, प्रत्यक्षात शंभरांपैकी सुमारे चौदा वेतांत विकृती घडविणारे द्रव्यदेखील वीस वेतांच्या एखाद्या परीक्षेतून अजिबात न सापडता निसटू शकते. असे घडण्याची शक्यता वीसात एक इतकी असते. हजार गर्भावस्थांत एक किंवा दोन ठिकाणी अपाय करणारे द्रव्य अशा परीक्षेत सापडणे जवळजवळ अशक्यच. मानवसमाजात मात्र हजारात एक हे प्रमाणही भयंकर ठरेल.

या अडचणीवर शास्त्राने काढलेला उपाय म्हणजे मात्रा वाढविणे. प्राणी थोडे, म्हणून द्रव्य पुष्कळ. अपाय करण्याची शक्ती द्रव्यात असेलच, तर मोठ्या मात्रेत ती अधिक प्राण्यांत प्रकट होईल आणि लहान संख्येतही दिसेल, अशी यामागील धारणा आहे. सर्वोच्च मात्रा सामान्यतः मातेवर काही परिणाम दिसेल इतकी ठेवतात, पण ती मरेल इतकी नव्हे. या उपायातून दुसरा प्रश्न जन्मतो. मोठी मात्रा ही लहान मात्रेचीच वाढविलेली प्रतिमा असते, की तिच्यामुळे शरीरात असे काही घडते जे लहान मात्रेत घडतच नाही? सॅकरीनचा इतिहास म्हणजे मुख्यतः या प्रश्नाचा इतिहास होय.

४. सॅकरीन : दोन पिढ्यांची परीक्षा

सॅकरीनचा शोध १८७९ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेम्सेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॉन्स्टंटिन फालबर्ग यांस लागला. साखरेच्या सुमारे तीनशे पटींहून अधिक गोड असलेला हा पदार्थ शरीरात पचत नाही. बहुतांशी जसाच्या तसा मूत्रावाटे बाहेर पडतो. १९५८ मध्ये अमेरिकेच्या अन्नविषयक कायद्यात डेलानी-कलम समाविष्ट झाले. मानवात किंवा प्राण्यात कर्करोग उत्पन्न करणारे आढळलेले कोणतेही मिश्रद्रव्य अन्नात घालण्यास या कलमाने मनाई केली. मात्रेचा विचार त्यात नव्हता. सायक्लामेट या दुसऱ्या साखर-पर्यायावर १९६९ मध्ये बंदी आली, आणि सॅकरीनकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

१९७० च्या दशकात सॅकरीनवर दोन पिढ्यांच्या परीक्षा झाल्या. त्यांत गाभण माद्यांना आहारातून सॅकरीनचे सोडियम लवण दिले जाई; पिल्लांचा त्या द्रव्याशी संबंध गर्भाशयातच सुरू होई, दुधावाटे टिके आणि पुढे स्वतःच्या आहारातून आयुष्यभर चाले. कॅनडा शासनाच्या परीक्षेत हे प्रमाण आहाराच्या पाच टक्के होते. त्यात नर उंदरांच्या मूत्राशयात अर्बुदे आढळली, आणि ज्यांचा संबंध मातेच्या उदरापासून आला होता त्या दुसऱ्या पिढीत ती अधिक प्रमाणात आढळली. सॅकरीनच्या जुन्या निर्मितिपद्धतीत एक अशुद्ध द्रव्य राहून जात असे, आणि खरा दोष त्याचा असावा अशी शंका होती. ते अशुद्ध द्रव्य स्वतंत्रपणे दिलेल्या गटात अर्बुदे वाढली नाहीत, त्यामुळे तीही शंका फिटली.

मार्च १९७७ मध्ये कॅनडाने बंदीचा निर्णय घोषित केला, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा प्रस्ताव मांडला. मधुमेही रुग्णांकडून तीव्र विरोध झाला. कारण त्या वेळी अमेरिकेत बाजारात उरलेला साखर-पर्याय जवळजवळ तेवढाच होता. उंदरांना दिलेली मात्रा मानवाच्या हिशेबाने दिवसाला शीतपेयाच्या आठशे बाटल्यांइतकी होते, असे गणित वारंवार सांगितले गेले. नोव्हेंबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून बंदी लांबणीवर टाकली. परंतु प्रत्येक वेष्टनावर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे केले. या पदार्थाचा वापर आरोग्यास घातक ठरू शकेल, आणि यातील सॅकरीनमुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांत कर्करोग होतो असे ठरले आहे, अशा आशयाची ती सूचना होती.

सर्वांत अस्वस्थ करणारा भाग गर्भावस्थेचा होता. माकडांवरील अभ्यासात सॅकरीन वार ओलांडून गर्भात जाते, आणि गर्भाच्या शरीरातून ते मातेच्या मानाने सावकाश निघते, असे दिसले होते. मग उंदरांच्या दुसऱ्या पिढीतील अधिक अर्बुदांचे मूळ गर्भकाळात पेरले गेले असावे काय? हा प्रश्न सोडविण्यासाठी पुढे एक प्रचंड परीक्षा योजण्यात आली. दुसऱ्या पिढीतील सुमारे अडीच हजार नर उंदीर, आणि आहाराच्या एक टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत चढत्या मात्रा, असा तिचा विस्तार होता. तिचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्रेबरोबर अर्बुदांचे प्रमाण वाढत गेले, एक टक्क्यास मात्र वाढ दिसली नाही. तसेच, द्रव्य जन्मानंतर प्रथमच दिले गेलेल्या नरांतही अर्बुदे झाली. म्हणजे गर्भाशयातील संपर्क ही अर्बुदासाठी आवश्यक अट नव्हती.

५. ‘प्रयोगशाळेतील प्राणी’ म्हणजे कोण?

अर्बुदांचे कारण नंतरच्या संशोधनाने उलगडले. सोडियम सॅकरीन फार मोठ्या मात्रेत दिले असता उंदराच्या मूत्राची घडण बदलते. उंदराचे मूत्र मुळातच दाट असते, आणि नराच्या मूत्रात प्रथिने विपुल असतात. या परिस्थितीत कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण साकळून मूत्राशयाच्या अस्तराला इजा करतात. इजा भरून काढण्यासाठी पेशी पुनःपुन्हा वाढतात. आणि ही सततची वाढ आयुष्याच्या उत्तरार्धात अर्बुदाचे रूप घेते. सॅकरीन पेशींच्या आनुवंशिक द्रव्यावर थेट आघात करीत नाही. सोडियमची इतर काही लवणे, उदाहरणार्थ क जीवनसत्त्वाचे लवण, अशाच मोठ्या मात्रेत दिली असता उंदराच्या मूत्राशयात तशाच प्रकारचे बदल घडतात. मानवाच्या मूत्राची घडण वेगळी असल्यामुळे ही साखळी तेथे जुळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये सॅकरीनला संशयितांच्या वर्गातून काढून, मानवी कर्करोगकारकतेबाबत वर्गीकरण करता येत नाही अशा वर्गात ठेवले. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेतील सक्तीची सूचनाही रद्द झाली.

या प्रकाशात ती सूचना पुन्हा वाचावी. तिच्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण ‘प्रयोगशाळेतील प्राणी’ या अनेकवचनी सामान्यनामाने जाति, लिंग, मात्रा आणि काल या चारही मर्यादा पुसून टाकल्या. मूळ विधान मुख्यतः नर उंदरांविषयी, आहाराच्या काही टक्के इतक्या मात्रेविषयी आणि जन्मभराच्या सेवनाविषयी होते. सामान्यनामाने विधानाची व्याप्ती वाढली, आणि विधान खरे राहूनही त्याचा अर्थबोध बदलला.

मराठीत या ठिकाणी आणखी एक अडचण उभी राहते. इंग्रजीत ‘रॅट’ आणि ‘माउस’ हे दोन प्राणी दोन शब्दांनी ओळखले जातात. मराठीत दोघांनाही ‘उंदीर’ हाच शब्द लावला जातो. प्रस्तुत लेखात ‘उंदीर’ हा शब्द सर्वत्र पहिल्या, थोराड प्राण्यासाठी योजला आहे. सॅकरीनच्या बाबतीत भेद नेमका याच जागी पडतो, कारण आहारातून सॅकरीन दिले असता मूत्राशयाची अर्बुदे थोराड उंदरात झाली, छोट्या उंदरात झाली नाहीत. ‘उंदरांत कर्करोग आढळला’ आणि ‘उंदरांत कर्करोग आढळला नाही’ ही दोन्ही वाक्ये मराठीत एकाच वेळी खरी ठरतात, आणि वाचकास शास्त्रज्ञ परस्परविरोधी बोलत असल्याचा भास होतो. वस्तुतः विरोध शास्त्रात नाही. तो एका शब्दावर दोन प्राण्यांचा भार पडल्यामुळे उत्पन्न झाला आहे.

उलट दिशेची खबरदारीही तितकीच आवश्यक आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात वीस माकडांना जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत सॅकरीन सुरू करून, आठवड्यातून पाच दिवस, किलोग्रॅम वजनामागे २५ मिलिग्रॅम याप्रमाणे कमाल चोवीस वर्षे दिले गेले. त्यांच्या मूत्राशयात विकार आढळला नाही. हा अभ्यास धीर देणारा आहे, यात शंका नाही. पण द्रव्य जन्मानंतर दिले गेले असल्याने गर्भकाळाविषयी तो काहीच सांगत नाही. ‘माकडांतही अपाय आढळला नाही’ हे वाक्य गर्भवतीच्या संदर्भात उद्धृत केले, तर त्यातील ‘ही’ हे अव्यय जे सुचविते ते पुराव्यात नाही.

६. नाव एक, द्रव्ये अनेक : स्टेव्हिया

निष्कर्षाच्या वाक्यातील क्रियापद आणि प्राणिवाचक नाम यांप्रमाणेच द्रव्याचे नावही तपासून घ्यावे लागते. स्टेव्हिया ही पॅराग्वे आणि ब्राझील या भागातील गोड पानांची वनस्पती. पॅराग्वेतील आदिवासी स्त्रिया तिचा उपयोग गर्भनिरोधासाठी करतात अशी माहिती होती. तिच्या आधारे प्लानास आणि कुच या दोघा संशोधकांनी १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाळविलेल्या वनस्पतीचा काढा पाजलेल्या उंदरांच्या माद्यांची प्रजननक्षमता घटली, आणि काढा बंद केल्यावरही काही काळ ती घटलेलीच राहिली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘स्टेव्हियामुळे वंध्यत्व येते’ ही समजूत बऱ्याच अंशी या लेखापासून निघाली.

नंतरच्या परीक्षांत हा परिणाम पुन्हा दिसला नाही. १९८१ मध्ये जपानी संशोधकांनी शुद्ध स्टेव्हिओसाइड उंदरांना आहाराच्या तीन टक्क्यांपर्यंत दिले, तरी प्रजननक्षमतेत फरक पडला नाही. १९९१ मध्ये बँकॉक येथील संशोधकांनी हॅमस्टरांना किलोग्रॅम वजनामागे अडीच ग्रॅमपर्यंत स्टेव्हिओसाइड देऊन पिढ्यान्‌पिढ्या निरीक्षण केले. वाढ आणि प्रजनन दोन्ही सुरळीत राहिली. परंतु १९६८ चा काढा आणि नंतरचे शुद्ध स्फटिक ही एकच वस्तू नव्हे. काढ्यात वनस्पतीतील इतर अनेक द्रव्ये होती. म्हणून नंतरच्या परीक्षांनी पहिली परीक्षा खोटी ठरविली असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी दुसऱ्याच वस्तूविषयीच्या प्रश्नाचे उत्तर दिले, असे म्हणणे अधिक रास्त. नियामक संस्थांनी हा भेद पाळला आहे. अमेरिकेत २००८ मध्ये, युरोपीय संघात २०११ मध्ये आणि भारतात २०१५ मध्ये जी मान्यता मिळाली ती शुद्ध केलेल्या स्टेव्हिऑल ग्लायकोसाइडांना होय. पान किंवा काढा यांच्या निर्धोकतेचा पुरावा म्हणून ती दाखविता येत नाही.

स्टेव्हिओसाइड आतड्यातील जीवाणूंमुळे फुटून त्यापासून स्टेव्हिऑल बनते, आणि ही क्रिया उंदीर व मानव या दोहोंत सारखी चालते. १९९८ मध्ये स्टेव्हिऑल थेट गाभण हॅमस्टरांना देऊन पाहण्यात आले. किलोग्रॅममागे ५०० आणि १००० मिलिग्रॅम या मात्रांस मातांनाही विषबाधा झाली आणि गर्भांचीही हानी झाली. २५० मिलिग्रॅम मात्रेस परिणाम दिसला नाही. माता आजारी पडली असता गर्भाची हानी द्रव्यामुळे झाली की मातेच्या आजारामुळे, हे ठरविणे कठीण जाते. म्हणून मातेस अपाय न करणाऱ्या मात्रेत गर्भ कसा राहतो, हे निरीक्षण अधिक मोलाचे असते.

७. मात्रेपासून मर्यादेपर्यंत

प्राण्यातील मात्रेपासून मानवासाठीची मर्यादा कशी काढतात, हे आता सांगता येईल. ज्या सर्वोच्च मात्रेस प्रतिकूल परिणाम आढळला नाही ती मात्रा घेऊन तिला शंभराने भागण्याची प्रथा १९५४ पासून रूढ झाली आहे. यातील एक दहा हा प्राणी आणि मानव यांच्यातील फरकासाठी, आणि दुसरा दहा हा माणसामाणसांतील फरकासाठी मानतात. सॅकरीनच्या बाबतीत आहाराचा एक टक्का ही मात्रा उंदराच्या किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम होते. तिला शंभराने भागून अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने १९९३ मध्ये किलोग्रॅममागे ५ मिलिग्रॅम ही दैनिक मर्यादा ठरविली. पंचावन्न किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीस ती दिवसाला २७५ मिलिग्रॅम इतकी पडते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुनर्विचार करून ही मर्यादा ९ मिलिग्रॅमपर्यंत वाढविली. स्टेव्हिऑल ग्लायकोसाइडांसाठी संयुक्त समितीने २००८ मध्ये स्टेव्हिऑलच्या हिशेबाने किलोग्रॅममागे ४ मिलिग्रॅम ही मर्यादा कायम केली; तीही उंदरांच्या दोन वर्षांच्या परीक्षेतील ३८३ मिलिग्रॅम या आकड्यास शंभराने भागून आली आहे.

ही मर्यादा म्हणजे कड्याची धार नव्हे. तिच्यावर एक मिलिग्रॅम गेल्यास गर्भाची हानी होते असा तिचा अर्थ नाही. तिच्या आत हानी अशक्य आहे असाही नाही. मर्यादा हा अज्ञानाचा हिशेब आहे. जे माहीत नाही त्याच्यासाठी किती जागा सोडावी, याविषयीचा तो विचारपूर्वक केलेला संकेत होय. शंभर हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तज्ज्ञांनी ठरविलेला आणि अनुभवाने सोयीचा ठरलेला आहे.

८. उपसंहार

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष परीक्षेविरुद्ध नाही. थॅलिडोमाइडनंतर उभ्या राहिलेल्या या पद्धतीने अनेक घातक द्रव्यांना वेळीच अडविले आहे, आणि सॅकरीनसारख्या द्रव्यावरील आरोप शेवटी दूर झाला तोही अधिक परीक्षांमुळेच, कमी परीक्षांमुळे नव्हे. दोष असलाच तर तो परीक्षेचे वाक्य तिच्या मर्यादांपासून सोडवून घेण्यात आहे. ‘अपाय आढळला नाही’ या वाक्यास पाच प्रश्न विचारले पाहिजेत : कोणते द्रव्य, कोणत्या प्राण्यात, किती मात्रेत, आयुष्याच्या कोणत्या काळात, आणि शरीरात कोठे पाहिले असता? या पाचांची उत्तरे वाक्यातच असतील तर ते शास्त्रीय विधान होय. नसतील तर ती केवळ दिलासा देणारी किंवा भिवविणारी वार्ता होय.

मराठीत विज्ञानविषयक लेखन करणाऱ्यांस यातून काही व्यवहार्य नियमही सुचतात. ‘सुरक्षित’ हे विशेषण निरपेक्षपणे न योजता त्यास मात्रा आणि काल जोडावा. ‘उंदीर’ या शब्दाने कोणता प्राणी अभिप्रेत आहे ते प्रथमच सांगावे. ‘आढळला नाही’ आणि ‘होत नाही’ यांची अदलाबदल शैलीच्या सोयीसाठी कधीही करू नये. वाक्य त्यामुळे लांबेल, आणि कानाला थोडे जड वाटेल. पण ज्या स्त्रीस ते वाचून निर्णय घ्यावयाचा आहे, तिला वाक्याच्या लालित्यापेक्षा त्याच्या सीमा माहीत असण्याची गरज अधिक आहे. आणि त्या सीमा दाखविण्याचे काम व्याकरण करू शकते.